पावणेसहाची बॅच: घामातून झालेली ओळख टिकते कशी?

डिसेंबरात निफाडचा पारा किती उतरला हे नाशिककर आधी पेपरात वाचतो आणि मग पांघरूण आणखी वर ओढतो. त्याच थंडीत गंगापूर रोडच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर पहाटे पावणेसहाला वीस-बावीस माणसं बर्पी मारत असतात. बर्पी म्हणजे खाली बसायचं, पाय मागे फेकायचे, छाती जमिनीला लावायची, उठायचं, उडी मारायची आणि परत पहिल्यापासून. दहाव्या बर्पीला माणूस देवाचं नाव घेतो, विसाव्याला कोचचं.

त्या वीस-बावीसांत मी असते. वय 44, गुडघे त्याहून थोडे थोरले. वजन कमी करायला गेले होते. चार किलो गेलं, अडीच परत आलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं घडलं ते दुसऱ्या महिन्यात. तापामुळे तीन दिवस गेले नाही, तर चौथ्या दिवशी सकाळी मेसेज आला: ‘ताई, तीन दिवस दिसला नाहीत. बरं आहे ना?’ पाठवणाऱ्या काकांचं आडनावही तेव्हा मला माहीत नव्हतं. फोनमध्ये नंबर ‘बँक काका बॅच’ असा होता. आमच्या सोसायटीत मी 14 वर्षं राहतेय. तिथे तीन दिवस माझं दार उघडलं नाही तर पहिल्यांदा दूधवाल्याला कळेल, तेही दाराशी पिशव्या साठल्या म्हणून.

ज्यांच्याशी धड बोलायला श्वास उरत नाही, त्यांच्याशी इतक्या लवकर आपलेपणा कसा होतो? उत्तर थोडं शरीरशास्त्रात आहे, थोडं मानसशास्त्रात आणि बरंचसं घड्याळात. घड्याळापासूनच सुरुवात करते. ते सगळ्यात नीरस आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचंही.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी मैत्री व्हायला किती तास लागतात याचा हिशेब मांडला. 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला. नव्या गावी राहायला गेलेली मोठी माणसं आणि नुकतीच कॉलेजात आलेली मुलं यांच्याकडून माहिती घेऊन त्यांनी अंदाज बांधला: नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास, मोकळेपणानं ‘मित्र’ म्हणायला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. शाळेत हे तास फुकट मिळतात. एका बाकावर वर्षभर बसलं की झालं. चाळिशीत ते आणायचे कुठून? माझी भिशी महिन्यातून एकदा असते, तीन तास. म्हणजे 50 तास भरायला जवळजवळ दीड वर्ष. बॅच मात्र आठवड्यातून पाच दिवस, रोज तासभर. दहा आठवड्यांत 50 तास. दसऱ्याला सुरुवात केली, तर आषाढी येईपर्यंत 200.

यात एक मेख आहे. हॉल यांना असंही दिसलं की नुसतं शेजारी बसून केलेल्या कामाचे तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत. आपणहून एकत्र घालवलेला वेळ, थट्टामस्करी, ‘काल काय झालं’ छापाच्या गप्पा हे धरलं जातं. बर्पी मारताना गप्पा होत नाहीत. म्हणून व्यायामाच्या आधीची पाच मिनिटं, बूट बांधतानाची, आणि नंतरची पंधरा, कोपऱ्यावरच्या टपरीवरची, यांचं मोल त्या मधल्या घामाइतकंच आहे. तास संपताच प्रत्येक जण आपापल्या गाडीत बसून निघून जातो अशीही बॅच मी केलेली आहे. तिथे माझे दंड बऱ्यापैकी मजबूत झाले होते. ओळख एकाशीही झाली नाही.

रोज तेच चेहरे दिसणं हीच मुळात मोठी गोष्ट आहे. रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार दिसत राहिली तरी ती आवडू लागते. त्याच्याही आधी, 1950 मध्ये, लिऑन फेस्टिंजर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या वसाहतीतल्या मैत्र्या तपासल्या होत्या. कुणाचं घर कुणाशेजारी आहे, कुणाच्या दारावरून जिना जातो, यावर मैत्री बरीचशी ठरत होती. स्वभाव जुळायच्या आधी रस्ते जुळावे लागतात. आपल्या वाड्यांत हे आपसूक व्हायचं, कारण नळ एकच होता. फ्लॅटमध्ये नळ घरात आला आणि लिफ्टमध्ये सगळे मोबाइलकडे बघतात.

आता शरीराकडे येऊ. 2010 मध्ये ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी विद्यापीठाच्या 12 वल्हवणाऱ्या खेळाडूंवर एक छोटा प्रयोग केला. वल्हवण्याच्या यंत्रावर त्यांनी एकदा एकट्यानं मेहनत केली आणि एकदा सगळ्यांनी मिळून, एका लयीत. वेळ तेवढाच, जोरही तेवढाच. नंतर दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा आवळून कोण किती वेदना सोसतं ते पाहिलं. एकत्र वल्हवल्यानंतर तीच माणसं जास्त सोसत होती. वेदना कमी जाणवणं ही मेंदूत एंडॉर्फिन वाढल्याची खूण मानतात. एंडॉर्फिन म्हणजे शरीरानं स्वतःच बनवलेलं अफूच्या जातीचं द्रव्य. थेट मेंदूत डोकावून ते मोजणं अवघड, म्हणून हा पट्ट्याचा आडमार्ग. माकडं एकमेकांच्या उवा वेचतात तेव्हाही हीच यंत्रणा चालते, आणि माणसांनी एकाच वेळी अनेकांशी नातं जोडायला हसणं, गाणं, नाचणं असे मार्ग शोधले, असं या प्रयोगातले एक संशोधक रॉबिन डनबार मांडत आले आहेत. उवा एका वेळी एकाच्याच वेचता येतात. बर्पी वीस जणांसोबत मारता येते.

बारा खेळाडू म्हणजे फार नाहीत, हे मात्र लक्षात असू द्या. शिवाय व्यायामानंतर जी हलकी तरतरी येते तिचं सगळं श्रेय एंडॉर्फिनला देणं आता मागे पडलंय. अलीकडच्या प्रयोगांत शरीरातच तयार होणारी, भांगेतल्या द्रव्यांशी नातं सांगणारी दुसरी रसायनं पुढे आली आहेत. थोडक्यात, अफू की भांग हा वाद शास्त्रज्ञांचा चालू आहे. पहाटे सव्वासहाला आपण त्यात न पडलेलं बरं.

(वल्हवण्यावरून आठवलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्यानं नाव वल्हवणारा दत्तू भोकनळ आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी गावातला मुलगा पाण्यावर जाऊन नाव काढतो, हे काही प्रयोगात बसत नाही.)

वल्हवणाऱ्यांच्या प्रयोगातला ‘एका लयीत’ हा भाग नाशिककरांना वेगळा समजावून सांगायला नको. गणपतीच्या आधी संध्याकाळी गोदाकाठी ढोलांचा सराव ऐकला असेल तर तुम्हाला तो छातीत कळलेला असतो. कमरेला ढोल बांधून तास-दोन तास उभं राहायचं, हाताला फोड, खांद्याला रग, आणि तरी टोल एकत्र पडला की अंगावर काटा. महिनाभर असं वाजवलेली मुलं पुढे कितीतरी वर्षं एकमेकांच्या लग्नात वाढायला उभी असतात. अमेरिकी इतिहासकार विल्यम मॅकनील यांना हे 1941 मध्ये कळलं, टेक्सासच्या धुळीत. सैन्यात नवी भरती, सरावाला तोफा पुरेशा नाहीत, म्हणून वरिष्ठ तासन्‌तास नुसती कवायत करून घ्यायचे. कामाच्या दृष्टीनं निरर्थक. पण सगळ्यांबरोबर पाऊल टाकताना आपण मोठे झाल्यासारखं वाटत होतं, हे ते विसरले नाहीत, आणि अर्धशतकानंतर त्यावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. एकत्र हालचालीतून स्नायूंच्या वाटेनं माणसं बांधली जातात, असा त्यांचा मुद्दा. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते तेव्हा दिंडीत पावली खेळणाऱ्यांना टेक्सासला जायची गरज पडत नाही.

म्हणूनच आमचा कोच सगळ्यांना मोठ्यानं आकडे मोजायला लावतो. आधी मला ते शाळेच्या पीटीसारखं वाटायचं. आता कळतं की मोजण्यानं बावीस जणांचा श्वास एका दोरीत ओवला जातो.

मग त्रासाचा भाग. चहा पिऊन किंवा सिनेमा पाहून जे होत नाही ते धापा टाकून का होतं? ऑस्ट्रेलियातल्या ब्रॉक बॅस्टियन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांचे छोटे गट केले. काही गटांना बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावला आणि खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं गुडघे वाकवून राहायला सांगितलं. बाकीच्यांना कोमट पाणी आणि सोपं काम. त्रास सोसलेल्या गटांना एकमेकांबद्दल जास्त आपलेपणा वाटला. पैशांच्या एका खेळात त्यांनी एकमेकांना साथही जास्त दिली. पुढच्या प्रयोगात एका बाजूला तिखटजाळ मिरची, दुसऱ्या बाजूला गोड गोळी. तिथेही मिरचीवाले एक झाले. हे वाचून मी रविवारी बॅचनंतर मिसळ खाताना सगळ्यांना सांगितलं. तर्री वाढून घेत, नाकातलं पाणी पुसत बँक काका म्हणाले, ‘अहो, यासाठी ऑस्ट्रेलिया कशाला पाहिजे?’

त्रासात खोटं वागता येत नाही, हे मला जास्त पटतं. ऑफिसात मी हुशार दिसते, नात्यातल्या लग्नात नीटनेटकी. तिसाव्या स्क्वॉटला केस विस्कटलेले, तोंड लाल, तोंडातून निघणारे आवाज सांगण्यालायक नाहीत. शेजारी उभा असलेला साताठ कोटींचा व्यवसाय सांभाळणारा माणूसही तसाच. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी सगळ्यांना हरताना पाहिलेलं असतं. एरवी ही पायरी यायला मैत्रीत वर्ष-दोन वर्षं जातात.

एकत्र केल्यानं व्यायामही जास्त होतो, याचा शोध जुना आहे. 1920 च्या दशकात जर्मनीत ओटो क्योलर यांनी बर्लिनच्या एका वल्हवण्याच्या क्लबातल्या लोकांना जोडीनं वजन उचलायला लावलं. एकानं सोडलं की दुसऱ्यालाही थांबावं लागेल अशी रचना. जोडीतला कमकुवत माणूस एकट्यानं टिकायचा त्याहून जास्त वेळ टिकला. ‘माझ्यामुळे दुसऱ्याचं अडायला नको’ ही लाज कामाला आली. गंमत म्हणजे दोघांच्या ताकदीत बेताचा फरक असेल, फार कमी नाही आणि फार जास्तही नाही, तेव्हा हे चांगलं जमतं. फारच तफावत असली की कमकुवत माणूस आधीच हात टेकतो. चांगला कोच हे क्योलर न वाचताही जाणतो. मला तो सीएची परीक्षा देणाऱ्या, माझ्याहून जरा तेज मुलीबरोबर लावतो. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांबरोबर कधीच नाही. त्या मुलीला मी ‘अगं थांब’ म्हणते, ती मला ‘काकू, पाचच राहिले’ म्हणते. राहिलेले असतात बारा.

हे सगळं नवं आहे असं आपल्याकडे तरी कुणी म्हणू नये. समर्थ रामदासांनी टाकळीला 12 वर्षं तप केलं, नदीत उभं राहून जप केला आणि रोज सूर्यनमस्कार घातले, असं परंपरा सांगते. समर्थ एकट्यानं 12 वर्षं टिकले. आपण एकट्यानं 12 दिवस टिकत नाही, म्हणून आपल्याला बॅच लागते. पुढे त्यांनीही गावोगाव मारुती उभे केलेच. मल्लखांबाची विद्या पेशवाईतले व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांना सप्तशृंगगडावर मिळाली, अशी आख्यायिका आहे. आणि तालमी तर गल्लोगल्ली होत्या. तिथे वस्ताद, लाल माती, जोर-बैठका आणि माती उकरायची पाळी सगळ्यांवर. बंध त्या मातीत होता. पण तालीम म्हणजे फक्त पुरुष, आणि कुठल्या आळीतल्या कुणाला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं तेही ठरलेलं. माझी आजी तालमीसमोरून डोक्यावर पदर घेऊन जायची, मान वर न करता. आमच्या बॅचमध्ये निम्म्या बायका आहेत. जुन्याचं कौतुक करताना एवढं विसरू नये.

नाशिकचं हल्लीचं व्यायामवेडही गटातूनच वाढलंय. कविता राऊत, संजीवनी जाधव यांच्यासारख्या धावपटू इथल्याच मैदानांवर, इतरांसोबत पळून तयार झाल्या. सायकलचं तर विचारूच नका. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी साधारण 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या जोडीनं पुरी केली. त्यानंतर शहरात ज्यानं त्यानं हेल्मेट घेतलं. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते, तिच्यात डॉक्टर, रिक्षावाले, शाळेतली मुलं एका रांगेत असतात. पुढच्या सायकलनं वारा कापला की मागच्याला कमी जोर लागतो, म्हणून आळीपाळीनं पुढे जायचं. दुसऱ्याचा वारा आपण खायचा, ही कल्पना मला फार आवडते.

नवरा एकदा म्हणाला, ‘व्यायामाला जातेस की गप्पांना?’ मी म्हटलं, दोन्ही औषधंच आहेत. ते थट्टेत होतं, पण खोटं नव्हतं. 2010 मध्ये ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 148 अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती तपासली. ज्यांची नाती घट्ट होती त्यांची, अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली.

आता खटकणाऱ्या गोष्टी. क्योलरच्या प्रयोगातली ती लाज दुधारी आहे. बावीस जण थांबत नाहीत म्हणून तेविसावाही थांबत नाही, आणि पहिल्या आठवड्यातच अंगाला न झेपणारं करून बसतो. सवय नसताना एकदम अति ताण दिला तर स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. अंग नेहमीपेक्षा फारच दुखतंय, सुजलंय आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होतेय, तर ‘होईल सवय’ म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नव्या माणसाला पहिले पंधरा दिवस निम्मंच करायला सांगणारा कोच निवडा. ‘दुखतंय म्हणजे चाललंय’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

गटाचे कंपूही होतात. ट्रेकला कुणाला बोलावलं, कुणाला नाही. एकसारखे टी-शर्ट कुणाच्या पैशातून. वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप कुणी काढला. एकदा आमच्याकडे हरिहरच्या ट्रेकवरून इतकं बिनसलं की पंधरा दिवस टपरीवर दोन बाकांवर दोन पक्ष बसत होते. ज्या जोरानं माणसं आत ओढली जातात त्याच जोरानं कुणीतरी बाहेर राहतं.

आणि मुळात पावणेसहाला कोण येऊ शकतं? ज्याची फी भरायची ऐपत आहे, ज्याच्या घरी दुसरं कुणीतरी उठून डबा करतं. आमच्याकडे मी रात्री कणीक मळून ठेवते आणि पोळ्या सासूबाई लाटतात. त्यांनी हात आखडला तर माझी मैत्री त्या दिवशी बंद. सातपूर-अंबडला रात्रपाळी करणारा एक जण थेट कंपनीतून यायचा, डोळे लाल. तो दीड महिन्यात गळाला. त्याला कुणी मेसेज केला का? मी तरी केला नाही. बँक काकांनी केला होता, हे मला नंतर कळलं.

ही मैत्री मैदानाला किती बांधलेली असते, हे गेल्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्यानं मला शिकवलं. डॉक्टरांनी दोन महिने उड्या बंद केल्या. माझ्या हिशेबानं मी संपलेच होते. जे करायला येतेस तेच करता येत नाही, तर तिथे तुझं काय काम? पहिला आठवडा फोन आले, दुसऱ्या आठवड्यात कमी झाले. कुणाचा दोष नाही. रोजचे तास थांबले की खातंही थांबतं. तिसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. ‘घरी बसून काय करताय? या, आकडे मोजा. आमचा दम वाचेल.’

मग छत्री, शाल आणि टपरीवाल्याची प्लास्टिकची खुर्ची घेऊन मी मैदानाच्या कडेला बसू लागले. एक, दोन, तीन. पहिल्या दिवशी फार भरभर मोजलं म्हणून शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सावकाश मोजलं म्हणून. खुर्चीतून एक वेगळंच दिसतं: कोण कुणाकडे बघून उठतंय, कोण कुणासाठी आपला वेग मुद्दाम कमी करतंय. तिसऱ्या दिवशी तेच बघत राहिले आणि सतरानंतर पुन्हा सतरा म्हणाले. बावीस जण चिखलात पालथे होते, बोलायला श्वास नव्हता, पण एका सुरात ओरडले, ‘सतरा झाले, ताई!’

दुसऱ्या दिवशी गेले तर माझ्या खुर्चीच्या पाठीवर कुणीतरी खडूनं 17 लिहून ठेवलं होतं. पावसात ते टिकलं नाही. पण काका तेव्हापासून मोजताना सतरा दोनदा म्हणतात.